‘ट्रायटन’ मोटारसायकल : पाठ, प्रक्षेप आणि औचित्य

१

इंग्लंडमध्ये १९५० नंतरच्या दशकात एक आगळ्या जातीची मोटारसायकल रस्त्यावर दिसू लागली. तिचा सांगाडा नॉर्टन कंपनीचा आणि इंजिन ट्रायम्फ कंपनीचे असे. या दोन कंपन्या परस्परांच्या प्रतिस्पर्धी होत्या, आणि त्यांपैकी एकीच्याही सूचिपत्रात असे वाहन नव्हते. ते बहुधा एखाद्या तरुण कामगाराने घरामागच्या पडवीत किंवा ओळखीच्या लहानशा कर्मशाळेत सुट्या भागांतून जुळविलेले असे. दोन्ही नावांचे तुकडे सांधून लोकांनी तिला ‘ट्रायटन’ म्हटले. आज या गाड्या जुन्या वाहनांच्या प्रदर्शनांत मानाने मांडल्या जातात, त्यांची खरेदीविक्री होते, आणि त्यांच्याविषयी दोन परस्परविरुद्ध मते सारख्याच आग्रहाने मांडली जातात.

एका पक्षाचे म्हणणे असे की, ट्रायटन म्हणजे दोन उत्तम मोटारसायकलींचा नाश करून मिळविलेली एक संकरित वस्तू होय. कारखान्यातून गाडी ज्या रूपात बाहेर पडली ते तिचे एकमेव प्रमाण रूप; त्यानंतरचा प्रत्येक फेरफार हा भ्रष्टतेच्या सदरात जमा करावा. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, सांगाडा एका कारखान्याचा सरस होता आणि इंजिन दुसऱ्या कारखान्याचे. तेव्हा दोहोंचा मेळ घालणे ही उघडउघड सुधारणा होय, आणि तिचा पुरावा वेगमापकाच्या काट्यावर मिळतो.

हे दोन्ही निकष अपुरे आहेत, असे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. पहिला निकष पाठचिकित्सेतून आलेला असून तो अस्थानी लावला गेला आहे. दुसरा तर निकषच नव्हे. ते केवळ मोजमाप होय. अशा जुळविलेल्या यंत्राचे मूल्यमापन करावयाचे तर औचित्याचा निकष स्वीकारावा लागतो, आणि त्या जुळवणीसाठी काय खर्ची पडले याचा हिशेबही त्याच्या जोडीला मांडावा लागतो.

भाषा आणि वाङ्मय यांच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण उघड आहे. पाठ, प्रक्षेप, संस्करण, कर्तृत्व, औचित्य या संकल्पना आपण रोज वापरतो. परंतु त्या सवयीने वापरतो. लोखंड आणि अल्युमिनियम यांच्यावर त्या घासून पाहिल्या म्हणजे त्यांचा कस आणि त्यांची मर्यादा या दोन्ही गोष्टी स्पष्ट दिसतात.

२

प्रथम या वस्तूचा इतिहास पाहू. नॉर्टनच्या ज्या सांगाड्याविषयी आपण बोलत आहोत तो बेलफास्ट येथील रेक्स आणि क्रोमी मॅककॅण्डलेस या बंधूंनी सिद्ध केला. १९५० साली तो शर्यतीत उतरला. त्याच वर्षी आइल ऑफ मॅन येथील ‘सीनियर टीटी’ ही शर्यत जेफ ड्यूक याने त्याच सांगाड्याच्या गाडीवर जिंकली. पिसांच्या गादीसारखा सुखद, अशा अर्थाने या सांगाड्याला ‘फेदरबेड’ हे नाव पडले. त्याची रचना तत्त्वतः साधी आहे. पोलादी नळ्यांची दोन पूर्ण वेटोळी, एक डाव्या अंगाने व एक उजव्या अंगाने, इंजिनाच्या खालून, मागून आणि वरून फिरतात व पुढे हॅण्डलच्या दांड्याशी एकमेकांना छेद देऊन जोडली जातात. पुढचे व मागचे चाक वळणावर एकाच प्रतलात राहावे, सांगाडा पिळला जाऊ नये, हा या रचनेचा हेतू. तत्कालीन अनेक सांगाड्यांत नळ्यांची टोके ओतीव सांध्यांत बसवून डागलेली असत आणि पुढच्या बाजूस एकच नळी खाली येई. त्यांच्याशी तुलना करता फेदरबेडचा ताठरपणा उठून दिसे.

या सांगाड्यात नॉर्टनचे ‘मॅन्क्स’ नावाचे शर्यतीचे इंजिन बसे. ४९९ घन सेंटिमीटरचे हे एक सिलिंडरी इंजिन त्या काळी दुसऱ्याच एका क्षेत्रातील लोकांना हवे होते. युद्धोत्तर इंग्लंडमध्ये ५०० घन सेंटिमीटर इंजिनाच्या छोट्या शर्यतमोटारींची मोठी चलती होती. मॅन्क्स इंजिन या मोटारींना फार मानवे. परंतु नॉर्टन कंपनी ते सुटे विकत नसे. तेव्हा मोटारवाल्यांनी अख्खी मोटारसायकल विकत घ्यावी, इंजिन काढून मोटारीत बसवावे, आणि चाके, फोर्क व सांगाडा यांचा उरलेला रिकामा डोलारा विकून टाकावा, असा प्रघात पडला. ट्रायटनच्या इतिहासात या रिकाम्या डोलाऱ्याला मोठे महत्त्व आहे. तिच्या जन्माच्या आरंभी विध्वंस होता हे खरे. पण तो विध्वंस अनेकदा ट्रायटन बांधणाऱ्याच्या हातून झालेला नव्हता. त्याच्यापुढे आला तो अर्धाच ग्रंथ होता, आणि उरलेली पाने दुसरीकडे गेलेली होती.

३

आता इंजिनाकडे वळू. एडवर्ड टर्नर याने रचलेले ट्रायम्फचे ‘स्पीड ट्विन’ १९३७ साली प्रसिद्धीस आले. त्यात ४९८ घन सेंटिमीटरचे दोन सिलिंडर शेजारी शेजारी उभे होते. दोन्ही दट्टे एकदमच वर जात आणि एकदमच खाली येत, मात्र ठिणगी आळीपाळीने पडे. त्यामुळे भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्याला एक स्फोट होऊन गती सलग राही. १९५०च्या हंगामासाठी ६४९ घन सेंटिमीटरचे ‘थंडरबर्ड’ निघाले, आणि १९५९च्या हंगामासाठी दोन कार्बुरेटरांचे ‘बॉनव्हिल’. अमेरिकेतील ज्या मिठाच्या मैदानावर १९५६ साली ट्रायम्फ इंजिनाच्या वाहनाने वेगाचा उच्चांक गाठला होता, त्या मैदानाचे नाव तिला देण्यात आले.

या इंजिनाचे तीन गुण येथे विचारात घ्यावयास हवेत. ते मुबलक होते, म्हणून स्वस्तात मिळे. ते वाढविता येई. म्हणजे अधिक दाबाचे दट्टे, वेगळे कॅम, दुसरा कार्बुरेटर असे फेरफार सामान्य मेकॅनिकच्या आवाक्यात असत. तिसरा गुण आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. १९६३च्या हंगामापूर्वीच्या ६५० घन सेंटिमीटरच्या ट्रायम्फमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्स हे दोन वेगळे ओतकाम होते. त्यांना साखळी जोडी आणि सांगाडा धरून ठेवी. या सुटेपणामुळे इंजिनाला परक्या सांगाड्यात आपली जागा शोधण्याची मुभा मिळाली. पुढे इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच ओतकामात आले, तेव्हा ही मुभा बरीच आकसली.

दोहोंना जोडणारा दुवा म्हणजे इंजिनाच्या पुढे व मागे बसविलेल्या पट्ट्या. अल्युमिनियम मिश्रधातूच्या जाड पत्र्यातून त्या कापून, कानशीने घासून आणि भोके पाडून तयार केल्या जात. सारी ट्रायटन या पट्ट्यांवर तोललेली असते, असे म्हटले तरी चालेल. पट्टीतील भोक थोडे इकडेतिकडे झाले तर इंजिनाकडून गिअरबॉक्सकडे आणि गिअरबॉक्सकडून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या साखळ्या एका रेषेत राहत नाहीत. त्या खडखडतात, झिजतात आणि शेवटी तुटतात. इंजिन फार मागे बसले तर पुढच्या चाकावरचा भार कमी होऊन गाडी वळणावर हलकी पडते. ते फार उंच बसले तर एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर झुकताना गाडी जड वाटते. त्यात कंपनाचा प्रश्न वेगळाच. दोन्ही दट्टे बरोबरच वरखाली होत असल्यामुळे या इंजिनाचा हादरा मोठ्या एक सिलिंडरी इंजिनासारखा असतो. भुजादंडावरील प्रतिभाराने तो काही अंशी आवरता येतो, म्हणजे वस्तुतः उभ्या दिशेतील हादऱ्याचा काही भाग आडव्या दिशेत वळविता येतो. एका सांगाड्याला सोसणारे हे प्रमाण दुसऱ्याला सोसेलच असे नाही. म्हणून जाणता कारागीर भुजादंडाचा तोल नव्याने साधून घेई. अजाण कारागिराच्या गाडीचे बोल्ट ढिले होत आणि टाकीला चिरा पडत.

हा तपशील सांगण्याचा हेतू एवढाच की, ‘एकाचे इंजिन काढले आणि दुसऱ्याच्या सांगाड्यात बसविले’ या वाक्यातील ‘बसविले’ या क्रियापदात केवढे मोठे काम दडलेले आहे हे ध्यानात यावे. दोन्ही भाग सिद्धवस्तू होते. त्यांच्यामधील संबंध मात्र सिद्ध नव्हता. तो निर्माण करावा लागला, आणि ट्रायटन बांधणाऱ्याचे कर्तृत्व पाहावयाचे ते त्या संबंधातच.

४

आता पहिल्या पक्षाचा विचार करू. जुन्या मोटारसायकलींचे जाणते संग्राहक सांगाड्यावरील क्रमांक आणि इंजिनावरील क्रमांक ताडून पाहतात. कारखान्याच्या नोंदवहीत ज्या जोडीची नोंद आहे तीच जोडी गाडीवर आढळली तर गाडी अस्सल. रंग, स्क्रू, दिव्याची काच या सर्वांची अशीच तपासणी होते. ही पद्धत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. हस्तलिखितांचा मेळ घालून मूळ पाठाकडे जाण्याचा जो मार्ग, तोच येथे यंत्राला लावलेला आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली सुरू होऊन १९६६ साली पूर्ण झालेल्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीने या मार्गाची शिस्त आपल्याला घालून दिली. उपलब्ध पोथ्यांच्या आधारे जेवढ्या प्राचीन पाठापर्यंत पोहोचता येईल तेवढ्या पाठापर्यंत जावे, आणि नंतरची भर वेगळी काढून दाखवावी, ही ती शिस्त होय. त्याआधी कित्येक शतके एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, तीमागेही अपपाठ दूर व्हावेत हीच तळमळ होती.

या दृष्टीने पाहता ट्रायटन म्हणजे दोन भिन्न परंपरांच्या पोथ्यांतील पाने एकत्र बांधून केलेली मिश्र प्रत ठरते. पाठचिकित्सकाला अशी प्रत नकोशी वाटते, आणि ते योग्यच आहे. कारण मिश्र प्रत दोन्ही परंपरांची साक्ष गढूळ करते.

परंतु या उपमेत एक मोठी गफलत आहे. मिश्र प्रत दोषास्पद ठरते ती ‘हा मूळ ग्रंथच आहे’ असा तिचा दावा असतो म्हणून. प्रक्षेपकार आपले नाव लपवितो आणि आपली ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर खपवितो. या लपविण्यातच प्रक्षेपाचे प्रक्षेपत्व असते. ट्रायटनने असा दावा कधीच केला नाही. तिने आपले मिश्रण आपल्या नावातच सांगितले. कोणी फेदरबेड सांगाड्यात ट्रायम्फ इंजिन बसवून ती गाडी ‘अस्सल नॉर्टन’ म्हणून विकली तर तो प्रक्षेप, आणि साध्या भाषेत फसवणूक. ‘ट्रायटन’ म्हणून विकली तर ते नवे संविधानक होय. जुन्या आख्यानांतील कथाभाग घेऊन पंडित कवीने नवे काव्य रचले, तर आपण त्याला महाभारताची भ्रष्ट प्रत म्हणत नाही. ते काव्य म्हणून साधले की नाही, हे आपण पाहतो.

दुसरेही एक कारण आहे. कारखान्यातून बाहेर पडलेले रूप हेच ‘मूळ’, असे म्हणताना कारखाना हा एकच एक कर्ता आहे असे आपण गृहीत धरतो. पण फेदरबेड सांगाडा बेलफास्टच्या दोन बंधूंचा, आणि त्यात बसणारे इंजिन त्यापूर्वीच्या परंपरेतून वाढत आलेले. त्यांचा मेळ नॉर्टनच्या बर्मिंगहॅम येथील कारखान्यात घातला गेला. म्हणजे ‘मूळ’ नॉर्टन हीदेखील एक जुळवणीच होती. फरक इतकाच की त्या जुळवणीवर कंपनीचा शिक्का होता.

५

पाठचिकित्सेचा निकष असा बाजूला पडला की त्याच्या जागी कोणता निकष घ्यावयाचा? येथे क्षेमेंद्राची आठवण होते. अकराव्या शतकातील या काश्मिरी आचार्याने ‘औचित्यविचारचर्चा’ या ग्रंथात औचित्याला काव्याचे जीवित मानले. कमरेची मेखला गळ्यात घातली आणि गळ्यातील हार कमरेला बांधला तर दोन्ही अलंकार मोलाचे असूनही हसे होते, हा त्याचा दृष्टांत सुपरिचित आहे. भाग चांगला असणे पुरेसे नाही. तो ज्या जागी आहे त्या जागेला शोभला पाहिजे. परक्या इंजिनाच्या मोटारसायकलीला यापेक्षा अधिक नेमका निकष सापडणे कठीण. आपल्याकडे मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांची जी चर्चा केली, तिचाही रोख घटकांपेक्षा घटकांमधील संबंधांवर होता.

या निकषाने तीन कृतींची तुलना करून पाहू. पहिली ट्रायटन. ट्रायम्फच्या इंजिनाला सांगाड्याची गरज होती. स्वतःच्या जोरावर गाडी ताठ धरून ठेवण्याचे काम त्याच्याकडे दिलेले नव्हते. फेदरबेड सांगाड्याला इंजिनाची गरज होती, कारण त्याची दोन वेटोळी इंजिनाभोवतीच फिरतात. एकाची उणीव दुसऱ्याच्या गुणाने भरून निघते. चांगल्या ट्रायटनमध्ये इंजिन पुढे व खाली सरकवून बसविलेले असते आणि नळ्यांच्या वेटोळ्यात ते आपल्यासाठीच राखलेल्या जागी असावे तसे दिसते. येथे संबंध परस्परपूरक आहे.

दुसरी कृती ‘नॉर्विन’. हिच्यात त्याच फेदरबेड सांगाड्यात व्हिन्सेंट कंपनीचे ९९८ घन सेंटिमीटरचे, व्ही आकाराचे दोन सिलिंडरी इंजिन बसवीत. घटक म्हणून पाहिले तर ट्रायटनपेक्षा हे मिश्रण अधिक श्रीमंत आहे, कारण युद्धोत्तर काळात व्हिन्सेंट ही इंग्लंडमधील अत्यंत वेगवान मोटारसायकल म्हणून नावाजली गेली होती. परंतु फिलिप व्हिन्सेंट आणि फिल अर्व्हिंग यांनी १९४६ साली पुढे आणलेल्या ‘रॅपिड’मध्ये नेहमीच्या अर्थाचा सांगाडाच नव्हता. इंजिन आणि गिअरबॉक्स यांचे एकसंध ओतकाम हाच गाडीचा कणा होता; वरच्या बाजूस तेलाची टाकीच तुळईचे काम करी, आणि पुढची व मागची चाके या गाभ्याला टांगलेली असत. अशा इंजिनाला भोवताली नळ्यांचा संपूर्ण पिंजरा देणे म्हणजे ज्या वाक्याचा अर्थ पूर्ण झाला आहे त्याच्याभोवती तोच अर्थ सांगणारे दुसरे वाक्य रचणे होय. साहित्यशास्त्रात याला पुनरुक्ती म्हणतात. नॉर्विन वेगाने धावते, ती देखणीही दिसते; पण कणा असलेल्या इंजिनाला ती पुन्हा बाहेरचा कणा देते, आणि इंजिनाच्या रचनेत जो विचार होता तो मुका होतो.

तिसरी कृती स्वित्झर्लंडमधील फ्रिट्झ एग्ली याची. १९६७च्या सुमारास त्याने व्हिन्सेंट इंजिनासाठी एक नवा सांगाडा रचला. मोठ्या व्यासाची एकच नळी वरून पाठीच्या कण्यासारखी जाते, तिच्यातच तेल साठविले जाते, आणि इंजिन तिच्याखाली टांगले जाते. व्हिन्सेंटच्या मूळ कल्पनेतील गाभा एग्लीने उचलला आणि अधिक ताठर केला. कारखान्याने केलेले रूप त्याने शब्दशः पाळले नाही. परंतु त्या रूपामागील तत्त्व मात्र पाळले. १९६८ साली स्वित्झर्लंडमधील डोंगरचढणीच्या शर्यतींचे अजिंक्यपद त्याने अशाच गाडीवर मिळविले. निष्ठावंत भाषांतरकार आणि शब्दाला शब्द ठेवणारा भाषांतरकार यांत जे अंतर असते, तेच येथे दिसते.

पहिल्या पक्षाच्या लेखी या तिन्ही गाड्या सारख्याच अशुद्ध आहेत. दुसऱ्या पक्षाच्या लेखी तिन्ही सारख्याच धन्य, कारण तिन्ही वेगवान आहेत. औचित्याचा निकष लावला तरच त्यांच्यातील भेद सांगता येतो. जो निकष भेद दाखवीत नाही तो समीक्षेच्या उपयोगाचा नाही.

६

येथे एक गंभीर आक्षेप संभवतो. नॉर्टनने स्वतःच्या फेदरबेड सांगाड्यात स्वतःचे दोन सिलिंडरी इंजिन बसवून ‘डॉमिनेटर’ ही गाडी विक्रीस काढलीच होती. १९६२च्या हंगामासाठी निघालेली ‘६५० एसएस’ ही तर जाणकारांच्या मते त्या काळातील उत्कृष्ट गाड्यांपैकी एक. म्हणजे जे ट्रायटनने साधले असे आपण म्हणतो ते कारखान्यानेच, हमीपत्रासह, साधून दिले होते. मग ट्रायटनची गरज काय?

हा आक्षेप नाकारता येत नाही. केवळ यंत्रशास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर सर्वसामान्य ट्रायटनपेक्षा ‘६५० एसएस’ ही अधिक निर्दोष होती, असेच म्हणावे लागेल. तरीही ट्रायटन बांधल्या जात राहिल्या. यावरून एक गोष्ट सिद्ध होते की, तिचे प्रयोजन केवळ यंत्रशास्त्रीय नव्हते. त्यातील एक कारण पैशाचे होते. नव्या गाडीची किंमत एकदम मोजणे ज्याला शक्य नव्हते, तो सुटे भाग महिन्याच्या पगारातून एकेक करून जमवू शके. पण दुसरे कारण कर्तृत्वाचे होते. दिवसभर दुसऱ्याच्या यंत्रावर दुसऱ्याने आखलेले काम करणाऱ्या मुलाला संध्याकाळी स्वतःच्या कानशीने स्वतःची पट्टी घासता येत होती. ती पट्टी ‘६५० एसएस’च्या मालकाला कधीच घासावी लागली नाही.

या तरुणांचा मेळावा लंडनच्या उत्तर वर्तुळमार्गावरील ‘एस कॅफे’सारख्या उपाहारगृहांत भरे. १९३८ साली उघडलेले हे उपाहारगृह युद्धात बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाले, १९४९ साली पुन्हा बांधले गेले, १९६९ साली बंद पडले आणि २००१ साली पुन्हा उघडले. ताशी शंभर मैल, म्हणजे सुमारे १६१ किलोमीटर, हा वेग गाठणे ही तेथील प्रतिष्ठेची खूण होती. या वेगापायी रस्त्यांवर तरुण मुले मेली, हे विसरून या गाड्यांचे गोडवे गाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ब्रिटिश सरकारने डिसेंबर १९६५ मध्ये प्रथम प्रायोगिक तत्त्वावर, आणि १९६७ साली कायम स्वरूपात, मोकळ्या रस्त्यांवर ताशी ७० मैलांची मर्यादा घातली.

परंतु वेग म्हणजे गुणवत्ता नव्हे, हे ट्रायटनच्या इतिहासातच एका घटनेने दाखवून दिले. लंडनमध्ये ‘ड्रेस्डा’ या नावाने ट्रायटन बांधणारा डेव्ह डेगेन्स १९६५ साली रेक्स बुचर याच्यासह बार्सिलोना येथील चोवीस तासांच्या शर्यतीत उतरला आणि आपल्या ट्रायटनवर ती शर्यत जिंकून आला. चोवीस तासांची शर्यत शिखरवेगाने जिंकता येत नाही. तेथे साखळी रेषेत असावी लागते, बोल्ट ढिले होऊ नयेत, वळणामागून वळण घेताना स्वार थकू नये. म्हणजेच घटकांमधील ज्या संबंधाचा आपण वर विचार केला, त्या संबंधाचीच ही दिवसरात्र चाललेली परीक्षा होती. औचित्य हा केवळ डोळ्यांच्या सुखाचा विषय नसून धारण करण्याच्या शक्तीचा विषय आहे, असा याचा अर्थ.

७

आता हिशेबाची बाजू. औचित्य साधले म्हणून कृतीला सर्व क्षमा मिळते काय? या प्रश्नाचे उत्तर काळानुसार बदलले आहे. १९६० साली इंजिनाविना पडलेला सांगाडा आणि अपघातात मोडलेल्या ट्रायम्फचे इंजिन यांतून ट्रायटन बांधणारा माणूस टाकलेल्या वस्तूंना जीवदान देत होता. फेदरबेड सांगाड्याचे उत्पादन १९७०च्या सुमारास थांबले. आता धड असलेला प्रत्येक डॉमिनेटर हा एक साक्षीदार आहे. केवळ सांगाडा हवा म्हणून अशी संपूर्ण गाडी मोडणे म्हणजे एकमेव पोथीची पाने फाडून नव्या ग्रंथाची बांधणी करण्यासारखे आहे. नवा ग्रंथ कितीही चांगला साधो, ते कृत्य समर्थनीय ठरत नाही.

म्हणून तीन प्रकार वेगळे केले पाहिजेत. त्या काळीच बांधलेली ट्रायटन आज स्वतःच एक दस्तऐवज आहे. तिचे भाग सुटे करून दोन ‘अस्सल’ गाड्या उभारणे हाही आता एक विध्वंसच ठरेल. नव्याने घडविलेला सांगाडा किंवा मुळातच सुटे पडलेले भाग घेऊन आज बांधलेली ट्रायटन ही स्वतंत्र कृती असून तिला औचित्याचा निकष लावावा. धड गाडी मोडून आज बांधलेली ट्रायटन मात्र, औचित्य साधूनही, दोषास पात्र आहे. पाठचिकित्सकाच्या काळजीला येथे तिचे रास्त स्थान मिळते. कृती चांगली की वाईट हे तो ठरवू शकत नाही. पण कृतीसाठी काय जाळले याचा जाब तो विचारू शकतो, आणि त्याने तो विचारलाच पाहिजे.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. भारतातील १९८८च्या मोटार वाहन अधिनियमाचे ५२वे कलम, कारखानदाराने मूळ नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करण्यास वाहनमालकाला मनाई करते. २०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत ‘व्हिंटेज’ वाहनाची व्याख्या घालण्यात आली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले, मूळ रूपात राखलेले आणि सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन, असा तिचा आशय आहे. म्हणजे या व्याख्येप्रमाणे साठ वर्षांपूर्वीची ट्रायटनही ‘व्हिंटेज’ ठरण्यास अडचण आहे. रस्त्यावरील सुरक्षिततेसाठी असा निर्बंध हवा, यात शंका नाही; वाढलेल्या शक्तीचे इंजिन जुन्या ब्रेकांच्या गाडीत बसविणारा माणूस स्वतःबरोबर इतरांचाही जीव धोक्यात घालतो. परंतु सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा आणि इतिहासाचा वेगळा. इतिहासाची व्याख्या करताना कारखानदार हाच कायमचा एकमेव ग्रंथकार, असे गृहीत धरले तर यंत्रांच्या इतिहासातून कारागिरांचे कर्तृत्व पुसले जाते. ज्या अभ्यासशाखेने अनामिक ओवीकार स्त्रियांना वाङ्मयाच्या इतिहासात स्थान मिळवून दिले, तिने तरी हे गृहीतक मुकाट्याने मान्य करू नये.

८

सारांश, परक्या इंजिनाची जुनी मोटारसायकल शुद्धतेच्या तराजूत तोलली तर ती नेहमीच हलकी भरते, आणि वेगाच्या तराजूत तोलली तर तिच्याविषयी काहीच कळत नाही. तिला तीन प्रश्न विचारावेत. तिच्यातील भाग परस्परांना धारण करतात काय? तिने आपले मिश्रण उघडपणे सांगितले आहे काय? आणि तिच्यासाठी काही धडधाकट मोडले गेले काय? उत्तम ट्रायटन या तिन्ही प्रश्नांना नीट उत्तरे देते. पुष्कळशा ट्रायटन देत नाहीत. नॉर्विन पहिल्या प्रश्नाशी अडखळते. एग्लीची गाडी त्याच प्रश्नाला सर्वांत पूर्ण उत्तर देते.

ब्रिटिश मोटारसायकल उद्योगाची उतरती कळा लागल्यावर, १९७३ साली ‘नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ’ या नावाची एक कंपनी स्थापन करण्यात आली. जी दोन नावे एका पोराने पडवीत बसून एकत्र आणली होती, ती आता सरकारच्या साहाय्याने कागदोपत्री एकत्र आली. त्या कंपनीचा डाव काही वर्षांतच आटोपला. नावे शेजारी लिहिली म्हणून संबंध निर्माण होत नाही. त्यासाठी दोहोंच्या मधली पट्टी कोणीतरी मापून, कापून, घासून बसवावी लागते.